लोखंडी नांगराची विक्री : किर्लोस्कर बंधूंच्या उद्योगाची आरंभीची वर्षे

सांगली जिल्ह्यातील कुंडल हे तीर्थ आपल्या समाजास चिरपरिचित आहे. गावातील कलिकुंड पार्श्वनाथ आणि जवळच्या डोंगरांवरील गिरी व झरी पार्श्वनाथ यांच्या दर्शनास रेल्वेने जाणारा यात्रेकरू किर्लोस्करवाडी स्थानकावर उतरतो. या स्थानकाचे मूळ नाव मात्र कुंडल रोड असे होते. प्राचीन तीर्थाच्या नावाने ओळखले जाणारे स्थानक पुढे एका कारखान्याच्या नावाने ओळखले जाऊ लागले, ही घटना आपल्याकडे वारंवार घडणारी नव्हे. असे नाव राजाज्ञेने किंवा दानधर्माने मिळण्याची उदाहरणे पुष्कळ आढळतील. एका कुटुंबाच्या धंद्याने ते मिळवल्याची उदाहरणे मोजकीच.

किर्लोस्करांचा इतिहास बहुधा यंत्रांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी नांगर घडविला, पुढे पंप झाले, इंजिने झाली, असा त्याचा क्रम असतो. तो खोटा नाही, परंतु अपुरा आहे. वस्तू घडविणे हे एक काम आणि ती गिऱ्हाइकाच्या घरी पोहोचवून तिचे पैसे वसूल करणे हे दुसरे काम. पहिल्या कामाचे गोडवे गायले जातात आणि दुसरे आपोआप झाले असे गृहीत धरले जाते. किर्लोस्करांच्या आरंभीच्या वर्षांत ते आपोआप तर झाले नाहीच, उलट त्यावाचून सारा उद्योग बेळगावातच संपुष्टात येण्याची वेळ आली होती. म्हणून या इतिहासाकडे एकदा दुकानाच्या गादीवरून पाहणे अगत्याचे आहे.

लक्ष्मण काशीनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. शाळेत त्यांचे मन रमेना. चित्रकलेची ओढ असल्याने वडील बंधू रामुअण्णा यांच्या आर्थिक आधारावर ते १८८५ मध्ये मुंबईस जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तेथे काही काळाने असे ध्यानात आले की त्यांच्या डोळ्यांस काही रंगांतील भेद कळत नाही. चित्रकाराची वाट तेथेच बंद झाली. परंतु रेखाटनास रंगज्ञान लागत नाही. त्यांनी यांत्रिक रेखांकन शिकून घेतले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते त्याच विषयाचे शिक्षक झाले. फावल्या वेळात तेथील कर्मशाळेत यंत्रे उघडून पाहणे, ती जुळविणे हा त्यांचा छंद जडला.

याच सुमारास मुंबईच्या रस्त्यांवर सायकल दिसू लागली होती. लक्ष्मणरावांनी ती मुंबईत खरेदी करावी आणि रामुअण्णांनी बेळगावात विकावी, असा व्यवहार दोघा बंधूंनी सुरू केला. आज किर्लोस्कर समूह आपला आरंभ १८८८ सालापासून मोजतो तो या सायकलच्या दुकानापासून. एका सायकलीची किंमत ७०० ते १,००० रुपये असे. तो काळ असा की साध्या कारकुनास एवढी रक्कम साठविण्यास कित्येक वर्षे लागली असती. अशी वस्तू बेळगावसारख्या गावात खपविणे हे सोपे काम नव्हते. गिऱ्हाइके बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यांतील बहुतेकांनी सायकलीवर पाय कधी ठेवलेला नाही.

रामुअण्णांनी येथे जे केले ते लक्षात घेण्याजोगे आहे. ते सायकल विकत, त्याचबरोबर ती चालविण्यास शिकवीत, आणि त्या शिकवणीचे १५ रुपये घेत. वरकरणी ही जोडमिळकत वाटते. पण व्यापाऱ्याच्या नजरेस त्यात अधिक काही दिसेल. जी वस्तू वापरता येत नाही ती कोणी विकत घेत नाही. पडण्याची भीती, चारचौघांत हसे होण्याची लाज, या गोष्टी किमतीहून मोठ्या असतात. ती भीती घालविण्याचे काम दुकानदाराने स्वतःकडे घेतले. शिवाय ते फुकट केले नाही, हेही महत्त्वाचे. फुकट मिळालेल्या विद्येची किंमत शिकणाऱ्यास वाटत नाही, असा अनुभव कापड, किराणा, सोने या कोणत्याही पेठेत येतो. रामुअण्णांचे नाव इतिहासात धाकट्या बंधूंच्या सावलीत राहिले. परंतु या घराण्याच्या व्यापाराचा पहिला धडा त्यांच्या दुकानात गिरविला गेला, असे म्हणण्यास प्रत्यवाय नसावा.

पुढे मुंबईच्या नोकरीत बढतीचा प्रसंग आला, तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. त्यांनी नोकरी सोडली व बेळगाव गाठले. सायकलीच्या धंद्यास लहानशा कर्मशाळेची जोड मिळाली. तेथे प्रथम कडबा कापण्याचे यंत्र तयार झाले. अख्खा कडबा जनावरांपुढे टाकला तर बराचसा पायदळी जातो. कापून घातला तर वैरण पुरवठ्यास येते. हा फायदा शेतकऱ्यास डोळ्यांनी दिसणारा असल्याने या यंत्रास गिऱ्हाईक मिळणे फारसे कठीण गेले नसावे. त्यानंतर १९०३ मध्ये लोखंडी नांगर तयार झाला, आणि खरी परीक्षा तेथून सुरू झाली.

नांगर उत्तम होता. लाकडी नांगर जमीन वरवर उकरतो. लोखंडी नांगर ती खोलवर जाऊन उलथवितो. दक्षिण महाराष्ट्राच्या काळ्या जमिनीत हरळी आणि कुंदा यांची मुळे किती खोल जातात हे शेतकऱ्यास वेगळे सांगावे लागत नाही. सांगली, कोल्हापूर, बेळगाव या पट्ट्यातील जैन समाज जितका पेढीवर तितकाच शेतावर राबणारा असल्याने, या स्मरणिकेच्या अनेक वाचकांच्या आजोबा-पणजोबांनी ही हरळी हाताने वेचलेली असेल. असे असूनही नांगर विकला जाईना. तयार झालेले नांगर कर्मशाळेत पडून राहिले आणि पहिले काही नांगर विकले जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली.

दोन वर्षे पडून राहिलेला माल म्हणजे काय, हे ज्याने दुकान चालविले आहे त्यालाच कळेल. लोखंड, कोळसा, मजुरी यांचे पैसे आधीच गेलेले असतात. त्या पैशांवर व्याजाची आकारणी रात्रंदिवस चालू असते. जमाखर्चात शिल्लक माल मालमत्तेच्या बाजूस दिसतो, पण रोकड वहीत काही दिसत नाही. कापडाचे तागे निदान पडत्या भावात काढता येतात. ज्यास कोणी हातच लावीत नाही तो नांगर पडत्या भावातही निघत नाही. धंदे तोट्याने बुडतात त्याहून अधिक खेळते भांडवल अडकून पडल्याने बुडतात. किर्लोस्करांच्या छोट्या कर्मशाळेपुढे हेच संकट उभे होते.

नांगर का विकला गेला नाही, याचे एक कारण सर्वत्र सांगितले जाते. लोखंडाने जमिनीत विष भिनते व ती नापीक होते, असा शेतकऱ्यांचा समज होता. हा समज होता यात शंका नाही. परंतु सारा दोष शेतकऱ्याच्या अज्ञानावर टाकून मोकळे होणे हे विक्रेत्याच्या सोयीचे असले तरी पूर्ण सत्य नव्हे. बलुतेदारीची व्यवस्था ज्यांना ठाऊक आहे त्यांना दुसरे कारणही दिसेल. लाकडी नांगर गावचा सुतार करून देई, त्याचा फाळ गावचा लोहार शेवटून देई, आणि दोघांचा मोबदला सुगीच्या वेळी खळ्यावर धान्याच्या रूपाने चुकता होई. म्हणजे लाकडी नांगरास रोख पैसा जवळजवळ लागतच नसे. लोखंडी नांगरास मात्र चांदीचे रुपये मोजावे लागत, तेही पीक हाती येण्यापूर्वी. शिवाय तो मोडला तर गावातील सुताराच्या हाती त्याचा उपाय नाही. भर पेरणीच्या तोंडावर एखादा भाग तुटला आणि बेळगावाहून तो येईपर्यंत वाफसा निघून गेला, तर वर्ष बुडाले. वजनाने जड असल्याने त्यास बैलांच्या अधिक जोड्या लागत, हाही विचार होताच. तेव्हा नवा नांगर नाकारणारा शेतकरी केवळ अंधश्रद्ध होता असे नव्हे. तो आपल्या परीने जोखमीचा हिशोब करीत होता. गिऱ्हाईक मूर्ख आहे असे समजून कोणाचाही माल खपल्याचे ऐकिवात नाही.

यातून मार्ग निघाला तो सावकाश. ज्या थोड्या शेतकऱ्यांनी नांगर घेतला त्यांच्या शेतातील फरक शेजारच्यांनी पाहिला. शेतीच्या अवजारांची कीर्ती बांधावरून बांधावर जाते. तिला वेळ लागतो, पण एकदा गेली की ती जाहिरातीपेक्षा टिकाऊ असते. ऊसासारख्या पिकास खोल नांगरट मानवते, त्यामुळे बागायतदारांचा ओढा हळूहळू या नांगराकडे वळला. १९०५ नंतर स्वदेशीचे वारे वाहू लागले, त्याचाही लाभ देशी बनावटीच्या मालास मिळाला असणार. परंतु स्वदेशीच्या भावनेवर एक वेळ विक्री होते. दुसऱ्या वेळची विक्री मालाच्या गुणावरच होते, हे त्या काळातील कित्येक बंद पडलेल्या स्वदेशी कारखान्यांनी दाखवून दिले आहे.

जरा बस्तान बसते आहे तोच दुसरा आघात झाला. बेळगाव शहराच्या वाढीसाठी नगरपालिकेने किर्लोस्करांची जागा मागितली व कर्मशाळा हलविण्याची वेळ आली. स्थलांतर म्हणजे केवळ यंत्रे उचलून नेणे नव्हे. ओळखीची पेठ, उधारीवर माल देणारे व्यापारी, हाताखाली तयार झालेले कारागीर, हे सारे मागे राहते. या अडचणीच्या काळात लक्ष्मणरावांना औंध येथे देवीच्या मंदिराच्या सभामंडपाचे काम मिळाले. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार व कलांचे रसिक होते. त्यांनी हे काम पाहिले, माणूस पारखला, आणि आपल्या संस्थानात कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर जमीन व १० हजार रुपयांचे कर्ज देऊ केले.

जमीन माळरानाची होती. निवडुंग माजलेला, पाण्याची वानवा, सापांचा सुळसुळाट. पण ती रेल्वे स्थानकास लागून होती, आणि व्यापाऱ्याने या निवडीकडे लक्ष दिले पाहिजे. नांगर ही जड वस्तू. बैलगाडीने ती किती दूर नेणार? लोखंड व कोळसा यायचा तो रेल्वेने, आणि तयार माल जायचा तोही रेल्वेनेच. कृष्णाकाठचा बागायती मुलूख जवळ, आणि रेल्वेने मिरज व पुणे जोडलेले. सुपीक पण दूरच्या जमिनीपेक्षा ओसाड पण स्थानकाजवळची जमीन कारखान्यास अधिक मोलाची. १० मार्च १९१० रोजी लक्ष्मणराव आपल्या माणसांसह तेथे आले.

ही माणसे कोण होती हे पाहिले तर आश्चर्य वाटते. त्यांत पदवीधर अभियंता नव्हता. शंभोराव जांभेकर हे पदवीवाचून ओतकाम व यंत्रकामाचे प्रमुख झाले. अनंतराव फळणीकर यांनी शाळा अर्धवट सोडलेली होती; तेही कारखान्याच्या कामात निष्णात झाले. मंगेशराव रेगे यांनी कचेरी व हिशोब सांभाळला. के. के. कुलकर्णी यांच्याकडे फिरतीचे काम होते. गावोगाव जाऊन माल खपविणे, मागणी आणणे ही त्यांची जबाबदारी. रामुअण्णांनी वसाहतीची आखणी व व्यवस्था पाहिली. आणि राखणदारीवर नेमली गेली ती तुरुंगवास भोगून आलेली माणसे. त्यांनी तो विश्वास सार्थ केला. कारखान्याच्या पहिल्या फळीत हिशोबनीस आणि फिरता विक्रेता यांना कारागिरांच्या बरोबरीचे स्थान होते, ही गोष्ट आवर्जून नमूद करण्यासारखी आहे. अनेक हुशार कारागिरांचे कारखाने आजही याच एका उणिवेने बंद पडताना दिसतात. मालक दिवसभर यंत्रापाशी, आणि वहीवर धूळ.

फिरत्या विक्रेत्याचे काम त्या काळी काय असेल याची कल्पना करणे कठीण नाही. नांगर दुकानाच्या फळीवर मांडून विकता येत नाही. तो शेतात उतरवावा लागतो, बैल जुंपावे लागतात, मालकाच्या देखत तास काढून दाखवावे लागते. आणि विक्रीनंतर संबंध संपत नाही. फाळ झिजतो, तो बदलून द्यावा लागतो. लाकडी नांगराच्या बाबतीत जो भरवसा गावच्या सुताराबद्दल होता तोच भरवसा शेकडो मैलांवरच्या कारखान्याबद्दल निर्माण करणे, हे या धंद्याचे मर्म होते. तो निर्माण झाला तेव्हाच नांगर चालला.

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले. परदेशी अवजारांची आवक रोडावली आणि देशी नांगरास मागणी वाढली. मात्र त्याच युद्धाने लोखंड व कोळसाही दुर्मिळ केला. ज्या वेळी गिऱ्हाईक दारात उभे, त्याच वेळी माल तयार करण्याचे साधन हाती नाही, अशी विचित्र कोंडी झाली. तेजीच्या काळाबद्दल ईर्ष्येने बोलणारे ही दुसरी बाजू विसरतात. किर्लोस्करांनी मिळेल ते जुने लोखंड वितळवून कारखाना चालू ठेवला. युद्ध संपले तेव्हा त्यांचे नाव मुंबई इलाख्याच्या शेतकऱ्यांत रुजले होते. १५ जानेवारी १९२० रोजी ‘किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड’ ही मर्यादित कंपनी नोंदविली गेली. घरचा धंदा भागधारकांचा झाला. उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याचे यंत्र, हातपंप असा मालाचा विस्तार होत गेला. तो विस्तारही एका धोरणाने झालेला दिसतो. गिऱ्हाईक तोच राहिला. त्याच्या शेतावरील एकेक अडचण पाहून नवा माल निघाला. नव्या मालासाठी नवी पेठ शोधण्याचा खर्च त्यामुळे वाचला असला पाहिजे.

१९२० साल आणखी एका कारणाने स्मरणीय आहे, आणि व्यापाराच्या दृष्टीने कदाचित अधिक महत्त्वाचे. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर हे चित्रकलेचे शिक्षण घेऊन कारखान्यात आले होते. काकांची चित्रकला रंग न ओळखता आल्याने सुटली. पुतण्याची चित्रकला कारखान्याच्या कामी आली. जाहिरातीचे काम त्यांच्याकडे आले. त्या काळी आपल्याकडील जाहिरात म्हणजे वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात दोन ओळींत मालाचे नाव व पत्ता. बाकी सर्व भिस्त ओळखीवर. माल चांगला असेल तर जाहिरात कशाला, असे अभिमानाने सांगणारे व्यापारी तेव्हा होते आणि पुढेही राहिले. शंकररावांनी वेगळा मार्ग धरला. १९२० मध्ये त्यांनी ‘किर्लोस्कर खबर’ नावाचे नियतकालिक सुरू केले. कारखान्याची वार्ता गिऱ्हाइकांपर्यंत व विक्रेत्यांपर्यंत पोहोचविणे हा त्याचा मूळ हेतू.

हेतू एवढाच राहिला असता तर ते लवकरच रद्दीत गेले असते. कोणाच्या कारखान्यात कोणते यंत्र निघाले हे वाचण्याची उत्सुकता गिऱ्हाइकास किती दिवस टिकणार? शंकररावांनी त्यात उद्योगविषयक लेख घातले, सामाजिक प्रश्नांवरचे लेख घातले, स्वतः व्यंगचित्रे काढली. घरातील एकाने वाचून बाजूस ठेवावे असे ते पत्रक राहिले नाही. ‘खबर’ हा शब्द पुढे गळून पडला व ते ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. विक्रीसाठी निघालेले पत्रक विक्रीपलीकडे गेले. परंतु त्यामुळे विक्रीची हानी झाली नाही. वस्तूची स्तुती न करता वस्तूचे नाव घरोघर नेण्याची ही युक्ती आज मोठमोठ्या कंपन्या फार खर्च करून साधू पाहतात. येथे ती माळरानावरच्या एका वसाहतीतून, मराठी भाषेतून साधली गेली.

या मासिकाच्या काही मतांवर त्या काळी वादंग झाले. रूढींवर टीका करणारे लेख छापणे हे व्यापाऱ्यास परवडणारे आहे काय, हा प्रश्न कोणाही पेढीवाल्याच्या मनात येईल, आणि तो रास्तही आहे. गिऱ्हाईक सर्व मतांचे असते. दुकानदाराने मतप्रदर्शन टाळावे हा आपल्या पेठांचा जुना शिरस्ता. किर्लोस्करांनी तो पाळला नाही आणि तरीही नांगर विकला गेला. पाटीवरील नावाशी मालाचा गुण बांधलेला होता म्हणून हे निभावले, असे फार तर म्हणता येईल. इतरांनी सरसकट अनुकरण करावे असे यातून सिद्ध होत नाही.

१९२६ मध्ये कारखान्यात पहिला केंद्रोत्सारी पंप तयार झाला. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधून अभियंता होऊन परतले. पदवीवाचून उभ्या राहिलेल्या कारखान्यात पहिल्या पिढीनंतर पदवी आली. पुढील विस्तार, हरिहर, पुणे, बंगळूर येथील कारखाने, हा मोठ्या उद्योगाचा इतिहास आहे व तो अन्यत्र विस्ताराने लिहिला गेला आहे. लक्ष्मणरावांचे २६ सप्टेंबर १९५६ रोजी निधन झाले. १९६९ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, भारतीय टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. रामुअण्णांचे किंवा के. के. कुलकर्णींचे नाव मात्र आज किर्लोस्करवाडीबाहेर क्वचितच ऐकू येते.

‘किर्लोस्कर’च्या पाठोपाठ १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही मासिके निघाली. पुण्या-मुंबईच्या, नागपूर-इंदूरच्या ज्या मराठी घरांत गुंठाभर जमीन नव्हती आणि बैल कधी बांधला गेला नव्हता, त्या घरांतही नांगराच्या कारखान्याचे नाव दर महिन्यास टपालाने जाऊ लागले.